सरोवरावरील पहिली खेप

(मंडळ्यांतील शिक्षक, उपदेशक व अभ्यासवर्ग ह्यांच्यासाठी पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय १३:४७-४८, १७:२७, मार्क १:१६-२०, ४:३५-४१, लूक ५:१-११, योहान २१:१-१४.

आपल्या मंडळ्यांतील बहुतेक लोक नांगर, पाभर आणि विळा ह्यांचे जाणकार आहेत. वल्हे व जाळे ह्यांचे नाहीत. ह्यामुळे पेरणाऱ्याचा दाखला वाचला असता खडकाळ जमीन म्हणजे काय आणि काटेरी झुडपांत उगवलेल्या रोपाची गत काय होते, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. ऐकणारा स्वतःच मान हलवितो. परंतु शिमोन व त्याचे सोबती ह्यांचा वृत्तांत निघाला म्हणजे सांगणाराही चाचपडतो व ऐकणाराही. "त्यांनी जाळे टाकले, मासे मिळाले" एवढ्यावर गोष्ट संपते, आणि तिच्यातील अर्धे धान्य खळ्यातच राहते.

ह्या पाठात आम्ही असे योजिले आहे की, जो मनुष्य जन्मात कधी मचव्यात बसला नाही, त्यास हाताशी धरून गालील सरोवरावर एका खेपेस न्यावे. असे करण्यास दोन कारणे आहेत. शास्त्रभागांचा अर्थ नीट लागावा हे एक. दुसरे असे की, धरणांच्या जलाशयांलगत वसलेल्या गावांतील लोकांस आता मासळीसाठी म्हणा, पैलतीरी जाण्यासाठी म्हणा, होडीत बसण्याचे प्रसंग वारंवार येतात. त्यांच्यापैकी पुष्कळांचे बापजादे शेतकरी होते, त्यामुळे पाण्याचे शिक्षण त्यांस घरी मिळालेले नाही. ह्या अज्ञानाची किंमत कधी कधी प्राणाने द्यावी लागते.

१. सरोवर

ज्यास आपण गालील समुद्र म्हणतो तो गोड्या पाण्याचा आहे. शुभवर्तमानकारांपैकी लूकच त्यास समुद्र न म्हणता सरोवर म्हणतो, आणि तेच नाव त्यास नेमके शोभते. त्याची लांबी उत्तरेकडून दक्षिणेकडे सुमारे २१ किलोमीटर, रुंदी सर्वांत जास्त तेथे सुमारे १३ किलोमीटर, विस्तार सुमारे १६६ चौरस किलोमीटर व खोली फार तर ४३ मीटरांच्या आसपास आहे. ज्यांनी आपल्या भीमा नदीवरील उजनीचा जलाशय पाहिला आहे त्यांनी ध्यानात घ्यावे की, तो पूर्ण भरला म्हणजे विस्ताराने ह्या सरोवराहून मोठा असतो. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, आणि गालील सरोवर तर देवाने घडविलेले आहे. तथापि मधोमध होडी असता दोहोंवर मनुष्य सारखाच लहान दिसतो.

यार्देन नदी उत्तरेकडून सरोवरात येते व दक्षिणेकडून बाहेर पडते. सरोवराचा पृष्ठभाग महासागराच्या पातळीहून सुमारे २१० मीटर खाली आहे. हा एक आकडा नवशिक्याने मनात कोरून ठेवावा, कारण पुढे वाऱ्याविषयी जे सांगावयाचे आहे ते सर्व ह्या खोलगट जागेवर अवलंबून आहे.

२. मचवा

मचवा किती मोठा असे, ह्याविषयी पूर्वीच्या शिक्षकांस अंदाजाने बोलावे लागे. आता तसे नाही. १९८६ सालच्या जानेवारीत, अवर्षणामुळे पाणी बरेच ओसरले असता, गिनोसर येथील दोघा भावांस किनाऱ्याच्या चिखलात एका जुन्या नावेची बाजू दिसली. ते लाकूड इतके भिजून मऊ झाले होते की, हात लावताच मोडेल अशी त्याची स्थिती होती. म्हणून तिच्यावर रासायनिक फेसाचे कठीण वेष्टण चढवून तिला पाण्यावर तरंगवीत किनाऱ्यालगत नेण्यात आले, व पुढे कित्येक वर्षे मेणासारख्या द्रवात बुडवून ठेवून ती टिकाऊ करण्यात आली. आज ती गिनोसर येथील संग्रहालयात आहे.

तिची लांबी ८.२ मीटर, म्हणजे आपल्या सुमारे १८ हातांची, व रुंदी २.३ मीटर, म्हणजे सुमारे ५ हातांची आहे. परीक्षणावरून ती ख्रिस्तपूर्व पहिले शतक व ख्रिस्तानंतरचे पहिले शतक ह्या काळातील ठरली. तिच्या बहुतेक फळ्या गंधसरूच्या असून आतील फासळ्या ओकाच्या आहेत. परंतु डागडुजीच्या ठिकाणी मिळेल ते लाकूड वापरलेले दिसते, आणि सर्व मिळून बारा जातींची लाकडे तिच्यात आढळली. ज्याने आपल्या गाडीची साटी बाभळीच्या तुकड्याने सांधली आहे, त्यास ह्या नावेचा मालक कसा मनुष्य होता हे सांगावे लागणार नाही. तो गरीब होता, काटकसरी होता, आणि ह्याच नावेवर त्याचे घर चालत होते.

येथे उपदेशकांस एक सूचना करणे आम्हांस अगत्याचे वाटते. हीच पेत्राची नाव होय, असे कोणी व्यासपीठावरून सांगू नये. ती कोणाची होती हे कळावयास काही साधन नाही. ती त्या काळची व त्या किनाऱ्याची आहे, एवढे सत्य पुरेसे आहे. सत्याला पदरची भर घातली तर ते बळकट न होता दुबळे होते.

अशा मचव्यात नवशिक्या पहिल्यांदा पाऊल ठेवतो तेव्हा तो सहसा काठावर पाय देतो, आणि मचवा एका अंगास कलंडतो. पाऊल मधोमध, तळावर ठेवावे. अंग वाकवून दोन्ही हातांनी आधार घ्यावा. आणि तांडेल दाखवील त्या जागी बसावे. एकदा बसल्यावर त्याच्या सांगण्यावाचून उठू नये. बैलगाडीत जसे ओझे पुढेमागे झाले म्हणजे जू उलार होते किंवा बैलाच्या मानेवर दाटते, तसेच येथेही आहे. फरक इतकाच की, गाडी उलार झाली तर मनुष्य जमिनीवर पडतो.

मचवा एका जागी धरण्यासाठी भोक पाडलेला जड दगड दोरास बांधून पाण्यात सोडीत. असे पुष्कळ दगड ह्या सरोवराच्या काठी सापडले आहेत. शेत फाडणारे अवजार आणि नाव थोपविणारे साधन, दोहोंसही आपल्या भाषेत नांगर हाच शब्द आहे. शेतातला नांगर चालत्यास उपयोगी, तर पाण्यातला थांबणाऱ्यास.

३. जाळी

मचव्यात बसलेला नवशिक्या विचारील, "जाळे कोणते?" कारण शास्त्रात जेथे तेथे जाळे म्हटले असले, तरी तेथील कोळ्यांपाशी तीन निरनिराळी जाळी असत. सरोवराच्या पूर्व तीरावरील एन गेव येथे पुष्कळ वर्षे मासेमारी केलेल्या मेंडेल नून (१९१८-२०१०) ह्यांनी ही माहिती मोठ्या कष्टाने जमविली. ते स्वतः जाळे ओढणारे असल्यामुळे तिला विशेष किंमत आहे.

पहिले पाग, म्हणजे एका माणसाने फेकावयाचे वाटोळे जाळे. त्याच्या कडेस सभोवार शिसे लावलेले असते. ते हवेत छत्रीसारखे उघडून पाण्यावर पडते व बुडता बुडता खालची मासळी झाकून टाकते. आन्द्रिया व शिमोन ह्यांस बोलावणे आले तेव्हा त्यांच्या हाती हेच जाळे होते (मार्क १:१६). पाहणाऱ्यास हे सोपे वाटते, परंतु नवशिक्याने फेकले म्हणजे ते उघडण्याऐवजी दोरखंडाच्या गुंडाळीसारखे धपकन पडते.

दुसरे ओढजाळे. कोकणात ज्यास रापण म्हणतात त्याच प्रकारचे हे आहे. शेकडो मीटर लांबीचे हे जाळे मचव्यातून अर्धवर्तुळाकार सोडीत, आणि मग किनाऱ्यावरील माणसांच्या दोन टोळ्या त्याची दोन टोके ओढीत. त्याची वरची कड तरंगे धरून ठेवीत व खालची कड शिशाने तळ घाशीत येई; म्हणून जे सापडेल ते सर्व त्यात येत असे. मत्तय १३:४७ मधील दाखला ह्या जाळ्याचा आहे. ओढण्यास पुष्कळ हात लागतात, आणि निवडानिवड मात्र काठावर, खाली बसून, शांतपणे होते. ओढतेवेळी निवडू पाहणारा मनुष्य जाळेच सोडून देतो. मंडळीत नवीन लोक येऊ लागले म्हणजे आपल्यापैकी कित्येक हीच चूक करतात.

तिसरे तीनपदरी जाळे. बाहेरचे दोन पदर मोठ्या घरांचे व मधला बारीक घरांचा. मासा बाहेरच्या घरातून आत शिरतो, मधल्या पदरास ढकलीत पलीकडच्या घरातून बाहेर काढतो, व त्याचीच पिशवी होऊन तीत अडकतो. हे जाळे रात्री पाण्यात उभे सोडीत व मग वल्ह्यांनी पाणी बडवून मासळीस त्याकडे पळवीत. एका रात्रीत ते अनेक वेळा सोडावे व अनेक वेळा उचलावे लागे.

४. मासळी

सरोवरात मुख्यतः तीन प्रकारची मासळी कोळ्यास मोलाची असे. एक तारलीसारखी लहान मासळी, जी खारवून दूरवर पाठवीत. दुसरी मिशाळ मासळी, जी आपल्या रोहूच्या कुळातील असून तिच्या ओठांपाशी मिशा असतात. तिसरी अरबी भाषेत "मुश्त" म्हणतात ती. हिला प्रवासी लोक "पेत्राचा मासा" म्हणतात. १९५२ साली आपल्या देशात आणलेली व आता आपल्या धरणांत सर्वत्र दिसणारी चिलापी हिच्याच गोतातील होय. मुश्त आपली अंडी व पिले तोंडात सांभाळते. तिला थंडी सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात ती उत्तर किनाऱ्यावर तबघा येथे, जेथे उष्ण झऱ्यांचे पाणी सरोवरास मिळते, थव्याथव्याने जमते.

पेत्राने गळ टाकून काढलेला मासा (मत्तय १७:२७) मात्र मुश्त नसावा, असे नून ह्यांचे म्हणणे आहे; कारण मुश्त पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींवर जगते व आमिषास सहसा तोंड लावीत नाही. गळास लागते ती मिशाळ मासळी. नवशिक्या मुश्तीसाठी गळ टाकून दिवसभर बसला, तर त्याचा दोष मासळीस देता येणार नाही. ज्याला धरावयाचे त्याची भूक कशाची, हे आधी जाणले पाहिजे. घरोघर शुभवर्तमान सांगत फिरणाऱ्यांनी हे विसरू नये.

ह्यांखेरीज मागूर जातीचा मोठा मासाही तेथे आहे. "थाई मागूर" म्हणून जो आपल्याकडे आला व ज्याच्या पालनास शासनाने बंदी केली, तो ह्याच जातीचा. त्यास खवले नसल्यामुळे लेवीय ११:९-१२ प्रमाणे यहूदी त्यास अशुद्ध मानीत व टाकून देत. ओढजाळ्याच्या दाखल्यात वाईट म्हणून फेकलेले मासे कोणते, हे ह्यावरून समजते.

५. रिकामी रात्र

आता लूक ५ उघडावा. त्या सकाळी सरोवराच्या काठी कोळी जाळी धूत होते. आजचे नायलॉनचे जाळे न धुता टाकून ठेवले तरी लवकर कुजत नाही, आणि पाण्यात माशास ते दिसतही नाही. परंतु हे नायलॉन त्या सरोवरावर १९५० नंतरच्या दशकात आले. त्यापूर्वीची जाळी सुताची, व त्याहून पूर्वी अळशी झाडाच्या धाग्याची असत. ती रोज सकाळी धुऊन वाळवावी लागत, नाही तर कुजत. तसेच दिवसाच्या उजेडात माशास ती दिसत, म्हणून तीनपदरी जाळ्याचे काम रात्रीच करीत. सकाळी धुतलेले जाळे म्हणजे संपलेला दिवस. शेतकऱ्याने बैल सोडून, अवजारे धुऊन पडवीत ठेवावी, तसे ते आहे.

अशा वेळी गुरूने शिमोनास पुन्हा खोल पाण्यात जाऊन जाळी सोडावयास सांगितले. ह्या आज्ञेत शिमोनाचे काय पणास लागले ते मोजून पाहा. रात्रभराच्या श्रमाने अंग मोडून आले होते. धुतलेली जाळी पुन्हा भिजविली तर पुन्हा धुवावी लागणार. वेळ उजेडाची, म्हणजे ह्या कामास अगदी उलट. काठावर लोकांचा समुदाय पाहत उभा होता, तेव्हा जाळे रिकामे आले तर हसे होणार होते. ह्या सर्वांवर कळस असा की, सांगणारा सुतार होता, डोंगरावरील नासरेथ गावात वाढलेला. धंद्याच्या हिशेबाने पाहिले तर त्या मचव्यात तो नवशिक्या, आणि शिमोन उस्ताद.

कित्येक उपदेशक शिमोनाच्या उत्तरात कुरकुर ऐकतात. आम्हांस ते बरोबर वाटत नाही. रात्रभर काही मिळाले नाही असे त्याने सांगितले, ती तक्रार नव्हती. तो जाणत्याने दिलेला खरा हिशेब होता. हिशेब लपविणे हा विश्वास नव्हे. खरा हिशेब मांडून मग आज्ञा पाळणे, हा विश्वास होय. ज्या गोष्टीत आपणांस काहीच कळत नाही तीत दुसऱ्याचे ऐकणे फारसे कठीण नाही. जीत आपण उस्ताद, तीत ऐकणे कठीण. आपणही शास्त्राचे ऐकतो ते बहुधा परक्या विषयांत. आपले शेत, आपला व्यापार, आपल्या मुलामुलींची लग्ने ह्यांत मात्र, "हा आमचा धंदा आहे, आम्हांस शिकवू नये," असे म्हणतो.

योहान २१ मध्येही रिकामी रात्र आहे. काठावरील मनुष्यास उंचावरून पाण्यातील थवा कधी कधी दिसतो, मचव्यातील माणसांस दिसत नाही, असे जाणते सांगतात. आणि म्हणून कोणी म्हणतात की, ह्या वृत्तांतात नवल ते काय? ह्या वादात आम्ही शिरत नाही. इतकेच पाहावे की, त्या शिष्यांपैकी एकाने मासळीकडे न पाहता काठाकडे पाहिले व प्रभूस ओळखले.

६. वारा

सरोवर खोल खड्ड्यात आहे, हे मागे सांगितले; त्याच्या पूर्वेस गोलानचा उंच प्रदेश आहे. खाली हवा उबदार व वर थंड. उन्हाळ्यात दुपारच्या सुमारास भूमध्य समुद्राकडून पश्चिमेचा वारा येतो व डोंगरांतील खिंडींतून सरोवरावर उतरतो. हिवाळ्यात पूर्वेचा कोरडा वारा पठारावरून एकाएकी खाली कोसळतो. सरोवर लहान असल्यामुळे लाटा आखूड व उभ्या उठतात, आणि अशा लाटा लहान मचव्यास लांब लाटांपेक्षा अधिक घातक असतात. घटकेपूर्वी आरशासारखे असलेले पाणी घटकेनंतर ओळखू येत नाही.

मार्क ४ मधील वादळ किती मोठे होते, हे ठरवावयास आपणांपाशी एक चांगले माप आहे. नवशिक्या भ्याला, तर त्यावरून काहीच ठरत नाही. तो मचवा हलला तरी भितो. परंतु त्या मचव्यात चौघे तरी जन्माचे कोळी होते, आणि तेही भ्याले. उस्तादाची भीती हे वादळाचे खरे माप होय. आणि त्याच वेळी पिछाडीस, सुकाणू धरणाऱ्याच्या जागेपाशी, एकजण थकून निजला होता.

हे वाचून कोणी असे समजू नये की, विश्वास असला म्हणजे वाऱ्याची पर्वा करावयास नको. २०२४ सालच्या मे महिन्याच्या २१ तारखेस, सायंकाळी, उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्याने उलटली. एकजण पोहत काठास लागला. सहाजण बुडाले, त्यांत लहान लेकरेही होती. आपल्या प्रांतात वैशाखाच्या शेवटी वळवाचा वारा दुपारनंतर व सायंकाळी असाच न सांगता येतो. शेतात तो झाडे पाडतो. पाण्यावर त्याच्यापुढे आडोसा नाही. बुडालेल्यांच्या विश्वासाविषयी बोलण्याचा अधिकार कोणासही नाही. जे काठावर आहेत त्यांनी शिकावे, एवढेच आपले काम आहे.

७. नवशिक्याने पाळावयाचे नियम

हे नियम मंडळीतील तरुणांस वाचून दाखवावे. जलाशयालगतच्या गावांत तर अवश्य दाखवावे.

(१) होडीत बसण्यापूर्वी तांडेलास विचारावे की, आज वारा कसा आहे. तो "नको" म्हणाला तर भाड्याचा किंवा वेळेचा आग्रह धरू नये.

(२) आकाशात ढग चढू लागले किंवा गडगडाट ऐकू आला तर निघू नये. पाण्यावर असल्यास जवळचा काठ गाठावा. मोकळ्या पाण्यात वीज पडण्याचेही भय असते.

(३) तरंगते जाकीट अंगात घालावे व त्याचे पट्टे बांधावे. बसण्यासाठी खाली अंथरलेले जाकीट कोणास वाचवीत नाही. पोहता येणाऱ्यानेही ते घालावे, आणि लेकरांस त्यांच्या मापाचे द्यावे.

(४) होडीत तिच्या शक्तीबाहेर माणसे बसत असतील तर आपण उतरावे. लाज वाटली तरी उतरावे.

(५) जाळे किंवा दोर सुटत असता त्यात पाय ठेवू नये. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर खोचून घ्यावा.

(६) होडी उलटली तर तिला धरून राहावे. काठ दिसतो त्याहून दूर असतो.

(७) मासळी मिळाली नाही तर बारीक घरांच्या जाळ्याचा मोह धरू नये. त्याने पिलेही निघतात, आणि पुढच्या वर्षीची सुगी आजच खाल्ली जाते. बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्यास आपण काय म्हणतो?

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. धुतलेली जाळी पुन्हा सोडण्यात शिमोनाचे काय काय पणास लागले? आपल्या धंद्यात अशी आज्ञा कोणती असू शकेल?

२. ओढजाळ्यातील मासळी कोठे व केव्हा निवडतात? ह्यावरून मंडळीने नवीन लोकांविषयी काय शिकावे?

३. खरा हिशेब सांगणे व कुरकुर करणे ह्यांत भेद काय?

४. मार्क ४ मधील कोळ्यांच्या भीतीवरून वादळाविषयी काय कळते?

५. आपल्या गावाजवळ तलाव, धरण किंवा उतार आहे काय? तेथे जाणाऱ्या होडीत तरंगती जाकिटे आहेत काय? नसल्यास मंडळीने कोणाकडे जावे व काय मागावे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वर्गात तोंडी देऊन थांबू नये. दोन शहाण्या माणसांनी घाटावर जाऊन स्वतः पाहावे, आणि पुढल्या रविवारी मंडळीस सांगावे.